अंदाज, बेहेडा आणि प्राक्कलन : संरक्षणखर्चाच्या दूरशिक्षणातील भाषेचा प्रश्न

वऱ्हाडच्या इतिहासाच्या अभ्यासकास २१ मे १८५३ या दिवसाचे महत्त्व सांगावयास नको. त्या दिवशी निजाम सरकार व ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात झालेल्या तहान्वये हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चाकरिता, सुमारे पन्नास लाखांचे उत्पन्न देणारे जिल्हे कंपनीच्या स्वाधीन करण्यात आले. वाशीम, मंगरूळपीर आणि त्यांच्या आसपासचा मुलूख त्यांतच होता. पाच हजारांहून कमी नाही इतके पायदळ, दोन हजार घोडदळ व तोफखान्याच्या चार बॅटऱ्या एवढ्या फौजेला वर्षाकाठी काय लागेल याचा कागदावर केलेला हिशेब एका मोठ्या प्रदेशाचे राजकीय भवितव्य पुढील पन्नास वर्षांकरिता ठरवून गेला. संरक्षणखर्चाचा अंदाज हा विषय मंगरूळपीरच्या माणसाला वाटतो तितका परका नाही. त्याच्या तालुक्याची जुनी सरकारी कागदपत्रे एका लष्करी अंदाजपत्रकाच्या पोटातच जन्मली आहेत.

अलीकडे हा विषय स्वतंत्र पदव्युत्तर शिक्षणाचा झाला आहे. अमेरिकेतील मॉन्टेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयाने तेथील वायुदलाच्या तंत्रसंस्थेच्या सहकार्याने २०११ साली खर्चाचे अंदाज व विश्लेषण या विषयात पदव्युत्तर पदवीचा जो अभ्यासक्रम सुरू केला, तो सर्वस्वी दूरशिक्षणाचा आहे. दोन वर्षे, सोळा अभ्यासविषय, आणि विद्यार्थी आपापल्या नेमणुकीच्या ठिकाणी. भारतात या विषयाची अशी स्वतंत्र पदवी रूढ झालेली नाही. त्याचे धागे पुण्याच्या गिरिनगर येथील प्रगत तंत्रज्ञान संस्थेत, सिकंदराबादच्या संरक्षण व्यवस्थापन महाविद्यालयात आणि १९५९ च्या अधिनियमाने अस्तित्वात आलेल्या परिव्यय लेखापालांच्या संस्थेच्या टपाली शिकवणीत विखुरलेले आहेत. हे शिक्षण मुख्यतः इंग्रजीतून चालते. मराठीतून दूरस्थ उच्चशिक्षण देण्याची व्यवस्था मात्र नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून उभी केली आहे. तेव्हा आज ना उद्या ही दोन टोके एकमेकांस मिळतील, अंबाझरी, भंडारा वा भद्रावती येथील शस्त्रसामग्रीच्या कारखान्यांत काम करणारा मराठी मनुष्य हा विषय आपल्या भाषेत घरी बसून शिकू पाहील, असे मानणे गैर नाही. त्याच्या हाती जे पुस्तक पडेल त्याची भाषा कशी असेल, हा येथील प्रश्न आहे.

वर्गातील शिक्षणात भाषेचे दोष शिक्षकाच्या तोंडून दुरुस्त होतात. विद्यार्थ्याच्या कपाळावर आठी दिसली की शिक्षक तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत सांगतो. दूरशिक्षणात वाक्य एकदाच सांगितले जाते, आणि ते कागदावरच राहते. म्हणून अशा पुस्तकाची समीक्षा करताना विषय बरोबर आहे की नाही एवढे पाहून भागत नाही. एकट्या वाचकाला त्या वाक्याचा दुसरा अर्थ लागण्याजोगा आहे काय, हेही पाहावे लागते.

प्रथम परिभाषेचा विचार करू. इंग्रजीतील एस्टिमेट या शब्दाला मराठीत आज निदान तीन प्रतिशब्द वावरत आहेत. विधिमंडळाची समिती ‘अंदाज समिती’ म्हणवते. बांधकाम खात्याचा कागद ‘अंदाजपत्रक’ असतो. आणि शासननिर्णयांतून ‘प्राक्कलन’ हा संस्कृत शब्द स्थिरावला आहे. यात भर अशी की ‘अंदाजपत्रक’ हा शब्द मराठी वृत्तपत्रांनी दीर्घकाळ बजेट या अर्थाने वापरला, आणि ‘अर्थसंकल्प’ रूढ झाल्यावरही तो अर्थ पुरता गेलेला नाही. खर्च किती येईल याचे अनुमान आणि खर्च किती करू द्यावयाचा याचा ठराव या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांना एकच नाव असले म्हणजे विद्यार्थ्याच्या मनात त्या एक होतात. संरक्षणखर्चाच्या शास्त्रातील पहिला धडा नेमका हा आहे की त्या एक होऊ देऊ नयेत.

‘प्राक्कलन’ हा शब्द व्युत्पत्तीने निर्दोष आहे. आधी केलेली गणना, एवढाच त्याचा अर्थ. परंतु गणना म्हटले की उत्तर एकच असते, आणि ते चुकले तर गणित चुकले असे होते. ‘अंदाज’ शब्दाची गोष्ट वेगळी. तिरंदाज, गोलंदाज यांतील उत्तरपद आणि हा शब्द ही एकाच फारसी धातूची रूपे होत. फेकणे हा त्या धातूचा अर्थ. गोलंदाज पल्ला डोळ्याने धरतो, गोळा टाकतो, तो कोठे पडला हे पाहतो आणि पुढचा गोळा त्या मानाने टाकतो. चूक होणार हे त्याने गृहीतच धरलेले असते. लष्करी खर्चाच्या विषयाला याहून अनुरूप शब्द कोशकाराला हुडकूनही सापडला नसता, आणि तो तर प्रत्येक मराठी माणसाच्या तोंडी आधीच आहे. त्याला सारून ‘प्राक्कलन’ बसविण्यात काय साधले, हे समजणे कठीण आहे. फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द योजण्याचा प्रयत्न मराठी राज्यव्यवहारात नवा नाही. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने दहा वर्गांत सुमारे चौदाशे शब्दांची अशी योजना केली. त्या कोशाचे ऐतिहासिक मोल मोठे आहे. पण तोफ, किल्लेदार, जमाखर्च हे शब्द तरीही राहिले, याचा विचार आजच्या परिभाषाकारांनी करावयास हवा.

पेशवाईत या कामाला ‘बेहेडा’ असा शब्द होता. हुजूर दप्तरातील चालते दप्तर फड, बेहेडा, सरंजाम व पथक या शाखांत वाटलेले असे. त्यांपैकी बेहेड्यात जमा व खर्च यांचे अंदाज तयार होत, तर पथक शाखेत फौजेचे हिशेब असत. पुढचा अंदाज करणारे आणि झालेला लष्करी खर्च लिहिणारे कारकून निराळ्या शाखांत बसत, ही गोष्ट आधुनिक अभ्यासकाला बोलकी वाटेल. अमेरिकेने २००९ साली कायदा करून खर्चाच्या स्वतंत्र मूल्यमापनाचे कार्यालय स्थापिले, त्यामागेही अंदाज करणारा व पैसे वापरणारा एक असू नये, हाच हेतू होता. अर्थात ‘बेहेडा’ शब्द पुन्हा चालू करावा, असे कोणी सुचविल्यास त्यास उत्साहाने मान डोलविण्याचे कारण नाही. मेलेल्या शब्दाला जिवंत करण्यापेक्षा जिवंत शब्दाला मारू नये, एवढे पुष्कळ आहे.

शब्दांहून अवघड प्रश्न क्रियापदांचा आहे. मराठीत अनुमान सांगण्याची स्वाभाविक रीत विध्यर्थाची आहे. ‘सभेला दोनशे माणसे असावीत’, ‘या कामाला चार महिने लागावेत’, ‘एवढ्यात भागावे’. परंतु सरकारी मराठीत हेच ‘वा’-प्रत्ययी रूप आज्ञेचे झाले आहे : ‘खर्च मंजूर रकमेतून भागवावा’, ‘काम चार महिन्यांत पूर्ण करावे’. शालेय व्याकरणात विध्यर्थाचे कर्तव्य, योग्यता, शक्यता, तर्क असे अनेक अर्थ सांगितलेले असतात आणि संदर्भाने ते ओळखावेत असे म्हटलेले असते. कचेरीत संदर्भ असतो. टपालाने आलेल्या पुस्तिकेत तो नसतो. ‘या यंत्राला नऊशे श्रमतास लागावेत’ हे वाक्य वाचून तो तर्क आहे की मर्यादा, हे विद्यार्थ्याने कसे ठरवावे? मग अनुवादक या अडचणीतून सुटण्याकरिता ‘लागतील’ असा साधा भविष्यकाळ वापरतो आणि त्याबरोबर अनिश्चितताच नाहीशी होते. ‘लागणार’ म्हटले तर तो निश्चयच झाला.

ही सूक्ष्मता निष्फळ वाटत असल्यास शस्त्रसामग्रीच्या कारखान्यांतील व्यवहार पाहावा. तेथे ‘एस्टिमेट’ म्हणजे एखाद्या नगाला लागणाऱ्या मालाचे व श्रमाचे ठरविलेले प्रमाण. त्यावरून वॉरंट निघते, माल उचलला जातो, आणि तुकडेवारीने काम करणाऱ्या कामगाराची कमाई त्यातील तासांशी बांधलेली असते. एकच आकडा अभियंत्याच्या दृष्टीने अनुमान, भांडारपालाच्या दृष्टीने परवानगी आणि कामगाराच्या दृष्टीने हक्क असतो. तो बदलण्याचे तिघांचे हेतूही वेगळे. अशा ठिकाणाहून येणाऱ्या विद्यार्थ्याला ‘प्राक्कलन म्हणजे भावी खर्चाची पूर्वगणना होय’ ही व्याख्या पाठ करावयास लावणे म्हणजे त्याला जे पक्के ठाऊक आहे ते विसरावयास लावणे होय.

या शास्त्राच्या कित्येक कल्पनांना मराठीत तयार जागा आहे. १९३६ साली राइट याने विमानांच्या उत्पादनावरून दाखविले की एकूण नग दुप्पट झाले की दर नगाला लागणारे श्रम ठरावीक प्रमाणात घटतात. त्याच्या आकड्यांत ही घट सुमारे वीस टक्के होती. या नियमाला ‘अधिगम वक्र’ असे भाषांतरित नाव देऊन विद्यार्थ्याला घाबरवता येते. ‘हात बसणे’ या वाक्प्रचारापासून आरंभ केला, तर सुताराच्या वा शिंप्याच्या पोरालाही तो नियम अर्धा समजलेला असतो. उरलेले अर्धे, म्हणजे घटीचे नेमके प्रमाण, हे गणिताचे काम; तेथे संज्ञा अवश्य द्यावी.

आकड्यांचेही तसेच. आधुनिक पद्धतीचा आग्रह असा की अंदाज एका आकड्यात न सांगता व्याप्तीत सांगावा : कमीत कमी इतका, जास्तीत जास्त इतका, आणि त्यांच्या दरम्यान कशाचा संभव किती. मराठी बोलीला ही रीत अंगवळणी पडलेली आहे. ‘दहाबारा’, ‘शेदीडशे’, ‘पन्नासेक’, ‘लाखभर’ हे शब्द मराठीतील संख्येचे व्याकरणच आहेत, आणि त्यांतही सूक्ष्म भेद आहेत. ‘दहाबारा’त बोलणाऱ्याला बरीच खात्री असते, ‘पाचपन्नास’ म्हणणाऱ्याला ती मुळीच नसते. मंगरूळपीरचा शेतकरी एकरी पाचसहा क्विंटल कापूस होईल म्हणतो तेव्हा तो व्याप्तीच सांगत असतो. तोच शेतकरी अर्जावर लिहू लागला की त्याला एक आकडा घालावा लागतो, आणि सरकारी अंदाजपत्रक तर रुपयाच्या शेवटच्या अंकापर्यंत जाते. ही खोटी अचूकता लेखनाच्या प्रतिष्ठेतून आली आहे. दूरशिक्षणाच्या पुस्तिकेची रचना तिला आणखी बळ देते. घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, शेवटी स्वतःची परीक्षा घेण्याचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे ही मांडणी इतर विषयांस उपकारक ठरली आहे. पण ज्या विषयात दोन प्रामाणिक विद्यार्थ्यांची उत्तरे वेगळी यावयास हवीत आणि ती का वेगळी आली यावरच शिक्षण घडावयाचे, त्या विषयात पुस्तकामागे छापलेले एकमेव उत्तर घातक आहे. दोन विद्यार्थ्यांचे अंदाज परस्परांकडे पाठविण्याची सोय होत नसेल, तर निदान एकाच उदाहरणाचे दोन भिन्न, सकारण अंदाज पुस्तकात शेजारी शेजारी छापता येतील.

अशा उदाहरणांचा तुटवडा नाही. विक्रमादित्य या विमानवाहू नौकेच्या पुनर्बांधणीचा करार जानेवारी २००४ मध्ये सुमारे ९७ कोटी डॉलरांचा झाला; प्रत्यक्षात ती रक्कम २३० कोटींच्या वर गेली आणि नौका नोव्हेंबर २०१३ मध्ये हाती आली. नौकेत बदलावयाच्या विद्युततारांचे काम किती, याचा आधीचा अंदाज फार तोकडा पडला, हे त्यामागील एक कारण होते. जुने उदाहरण हवे असल्यास रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील आरमाराचे प्रकरण अभ्यासक्रमात लावावे. आरमाराचा खर्च बंदरातील उत्पन्नावर सोपवू नये, कारण त्यामुळे सावकारांस उपद्रव होऊन व्यापारच बुडतो, असे अमात्य सांगतात. जहाजाच्या लाकडाकरिता रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत, कारण ती झाडे वर्षानुवर्षे लेकरांसारखी वाढविलेली असतात, एखादे झाड फार जीर्ण होऊन कामातून गेले असेल तरच मालकास राजी करून, मोल देऊन तोडावे, असेही बजावतात. खर्चाच्या रकान्यात कोणाचे काय धरावयाचे राहून जाते, याची इतकी स्वच्छ जाणीव आधुनिक पाठ्यपुस्तकांतही क्वचित आढळते. हे प्रकरण मराठी वाङ्मयाच्या अभ्यासक्रमात गद्यशैलीचा नमुना म्हणून वाचले जाते. त्यातील अर्थविचार मात्र भाषेच्या शिक्षकांनी दुसऱ्यांकडे सोपवला आणि दुसऱ्यांनी ते वाचलेच नाही.

१८५३ च्या तहाचाही पुढील भाग याच दृष्टीने वाचण्याजोगा आहे. मूळ तहात रेसिडेंटाने दर वर्षी खरे हिशेब द्यावेत व फौजेचा आणि कारभाराचा खर्च भागून उरणारी शिल्लक निजामास द्यावी, असे कलम होते. २६ डिसेंबर १८६० च्या तहाने धाराशिव व रायचूर दुआब परत मिळाले, सुमारे पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. आणि त्याच तहात वऱ्हाडच्या जमाखर्चाचे हिशेब मागण्याचा हक्क निजामाने सोडला. शिल्लक देण्याचे वचन कायम राहिले. मात्र कारभाराला किती खर्च करावयाचा हे सर्वस्वी ब्रिटिश सरकारच्या इच्छेवर ठेवले गेले. ‘शिल्लक’ हा शब्द जागच्या जागी राहिला आणि तिचा आकडा ठरविण्याचे सर्व मार्ग एका पोटवाक्याने बंद झाले. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, वऱ्हाडचे उत्पन्न वाढले, आणि कारभाराचा खर्च फुगविला जातो ही सालारजंगांची तक्रार चालूच राहिली. नोव्हेंबर १९०२ मध्ये वार्षिक पंचवीस लाखांचा कायम आकडा बांधून देऊन लॉर्ड कर्झन याने हा वाद मिटविला. कंटिन्जंट त्यानंतर लौकरच हिंदी सैन्यात विलीन झाली. १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडून मंगरूळ तालुका अकोल्याला जोडण्यात आला आणि १९९८ साली वाशीम जिल्हा पुन्हा झाल्यावर तो परत आला.

दूरशिक्षणाने हा विषय शिकविणाऱ्या मराठी पुस्तकाला पहिला घटक येथून सुरू करता येईल. ही दोन कलमे विद्यार्थ्यापुढे ठेवावीत, १८५३ च्या कलमात अंदाज कोणी करावयाचा, हिशेब कोणी तपासावयाचा आणि १८६० च्या कलमात त्यांपैकी काय उरले, हे त्यास त्याच्या शब्दांत लिहावयास सांगावे. व्याख्या त्यानंतर द्यावी.