चिंताग्रस्त पिढीचा सिद्धान्त आणि वऱ्हाडातील कुमारवय

अमेरिकन समाजमानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट यांचा ‘द अँक्शस जनरेशन’ हा ग्रंथ २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१० ते २०१५ या काळात खेळावर आधारलेले बालपण लोपून फोनवर आधारलेले बालपण आले आणि त्यामुळे कुमारवयीनांत चिंता व विषण्णता वाढली, हे त्याचे मुख्य प्रतिपादन होय. सहवासाचा अभाव, अपुरी झोप, अवधानभंग आणि व्यसनाधीनता हे त्यात सांगितलेले चार अपाय. मांडणी प्रभावी आहे. तथापि तिचा आधार मुख्यतः संपन्न पाश्चात्य देशांतील आकडेवारी हा आहे.

पहिला आक्षेप कार्यकारणभावाचा. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, ही त्रुटी कँडिस ओजर्स यांनी २०२४ मध्येच ‘नेचर’मधील परीक्षणात दाखविली. कुमारांच्या स्वास्थ्यातील फार तर ०.४ टक्के तफावत अशा साधनांच्या वापराशी निगडित असते, असे ऑर्बेन व प्रिझबिल्स्की यांना २०१९ मध्ये आढळले होते. अर्थात सरासरीच्या आड तीव्र पीडा भोगणारी थोडी मुले झाकली जातात, हेही विसरता येत नाही.

दुसरा आक्षेप देशकालाचा. अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळीसारख्या तालुक्याच्या गावी हा कालक्रम जुळत नाही. स्वस्त इंटरनेट सप्टेंबर २०१६ मध्ये ‘जिओ’ आल्यानंतर पसरले. २०२० च्या टाळेबंदीत तर शाळाच फोनवर भरू लागली. शिवाय येथील फोन बहुधा घराचा असतो. ‘असर’ २०२४ नुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वर्षांच्या, फोन वापरता येणाऱ्या मुलामुलींपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६.२ टक्के, तर मुली २६.९ टक्के. ज्या मुलीला वडिलांचा फोन घटकाभर मिळतो, तिच्या अनुभवास अमेरिकन मुलीचे निष्कर्ष जसेच्या तसे लावणे अशास्त्रीय ठरेल. बुडालेले सोयाबीन, घरावरील कर्ज, अकोल्याच्या शिकवणीवर्गांचे शुल्क यांतून येणारी उद्विग्नताही मग फोनच्याच खाती मांडली जाईल.

ग्रंथाचे खरे सामर्थ्य उपायविचारात आहे. एकट्या पालकाने फोन काढून घेतला तर त्याचेच मूल सवंगड्यांपासून तुटते. म्हणून निर्णय सामुदायिक हवा, हे त्याचे म्हणणे मार्मिक आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या बांशीच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये, म्हणजे ग्रंथापूर्वीच, १८ वर्षांखालील मुलांच्या मोबाइलवापरास बंदी करणारा ठराव केला होता. परंतु हाइट यांनी बंधनांबरोबर मोकळ्या खेळाचाही आग्रह धरला आहे. फोन काढून घेतला आणि मैदान दिले नाही, तर तो उपाय अर्धाच राहतो. मुलींच्या बाबतीत तर ते जुन्याच बंधनात पडलेले नवे बंधन होय.

सबब बार्शीटाकळीत या विषयाचा अभ्यास करावयाचा तर केवळ वापराचे तास मोजणे पुरेसे नाही. फोन कोणाचा, तो कोणत्या प्रहरी हाती येतो आणि त्यापायी झोप, खेळ वा सोबत यांपैकी काय हरपते, हे प्रश्न आधी विचारले पाहिजेत. त्यांची उत्तरे हाती नसताना केलेली बंदी आणि दिलेली मोकळीक, दोन्ही सारखीच निराधार ठरतील.