वेढा कोणाचा?

१९६७ या एकाच वर्षी अमेरिकेत स्वमग्न मुलांविषयी दोन पुस्तके प्रसिद्ध झाली, आणि दोहोंच्या शीर्षकांत किल्ल्याची प्रतिमा आली. ब्रूनो बेटलहाइम यांचे ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ म्हणजे रिकामा किल्ला. क्लारा क्लेबोर्न पार्क यांचे ‘द सीज’ म्हणजे वेढा. प्रतिमा एकच, पण ती वापरणारा कोठे उभा आहे, यावर ग्रंथाचे सारे मोल ठरते.

बेटलहाइम हे शिकागो विद्यापीठाच्या ऑर्थोजेनिक स्कूलचे संचालक. मूल जन्मालाच आले नसते तर बरे, ही आईबापांची सुप्त इच्छा मुलाला आत कोंडून घ्यायला लावते, हा त्यांचा सिद्धांत. आपण यंत्रावर चालतो असे मानणाऱ्या जोईची त्यांनी सांगितलेली हकीकत कादंबरीइतकी वेधक आहे. परंतु या ग्रंथात आई आहे ती केवळ कारण म्हणून. नाटककार खलपुरुषालाही चार वाक्ये देतो. येथे आईला तेवढीही मिळत नाहीत. पुढे शास्त्राने हा आरोप टिकू दिला नाही. स्वतः अशा मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्येच त्यावर प्रहार केला होता. आणि १९४३ मध्ये ११ मुलांचे वर्णन करून या अवस्थेला नाव देणाऱ्या लिओ कॅनर यांनी १९६९ मध्ये पालकांना जाहीरपणे दोषमुक्त केले. परंतु मधल्या वर्षांत कितीतरी आयांनी तो आरोप खरा मानला असेल.

पार्कबाई इंग्रजीच्या अध्यापिका. त्यांचे चौथे अपत्य जेसी १९५८ मध्ये जन्मले. पुस्तकात तिचे नाव एली. जमिनीवरील एकाच जागेभोवती रांगत फिरणारी, स्वतःशीच प्रसन्न असलेली ही मुलगी काही मागत नाही, कोणाकडे पाहत नाही. मग आई काय करते? तिच्या हातावर आपला हात ठेवून नळ फिरवते, आणि दर वेळी स्वतःच्या हाताचा जोर किंचित कमी करते. बस्स, एवढेच. चमत्कार घडत नाही, कोणी गळ्यात पडून रडत नाही. एका नळाची अशी चिकाटीने लिहिलेली हकीकत वाचताना जो प्रत्यय येतो, तो बेटलहाइम यांच्या साऱ्या प्रतीकमीमांसेतून येत नाही. तेथे स्पष्टीकरण आधी आणि मूल नंतर. येथे मूल आधी आहे, आणि स्पष्टीकरणाची घाई नाही.

तरीही या प्रतिमेची मर्यादा नजरेआड करता येत नाही. वेढा प्रेमाचा असला तरी तो वेढाच. आपले मूल कोठल्याशा भिंतीआड दडलेले नाही, तेच आपले मूल आहे, अशा अर्थाचे आवाहन स्वतः स्वमग्न असलेल्या जिम सिंक्लेअर यांनी १९९३ मध्ये पालकांना केले. किल्ल्याच्या आतून आलेला हा आवाज दोन्ही ग्रंथांत नाही. शिवाय प्राध्यापकाचे घर, मोठी भावंडे, मदतनीस मुली, एवढी कुमक प्रत्येक आईच्या पाठीशी नसते. खोलीभर संसारात, गिरणीच्या पाळ्या सांभाळत, असा वेढा कोण चालवणार?

पार्कबाईंनीही पुढे किल्ला सोडला. २००१ मधील त्यांच्या दुसऱ्या पुस्तकाचे नाव ‘एक्झिटिंग निर्वाण’. तोवर जेसी चित्रकार झाली होती, नोकरीही करीत होती. मराठी वाचकाने येथे थांबून विचार करावा असे वाटते. वासनाक्षय हे आपण परमपद मानत आलो. आणि ही आई तर मुलीच्या मनात एखादी इच्छा उगवावी म्हणून वर्षानुवर्षे झटते. हे काही हवे असणे, त्यासाठी दुसऱ्याकडे वळणे, हीच संसाराची सुरुवात आहे हे तिने ओळखले. आपल्या ‘स्वमग्न’ या शब्दात किल्ला नाही, पण योग्याच्या समाधीची छाया आहे. आणि त्या छायेत रोजचा नळ, रोजचा घास सहज दिसेनासा होतो. तो दिसत राहावा, यासाठी पार्कबाईंचे पुस्तक वाचले पाहिजे.