लिंकनचा दिवस कोणी लिहिला?

अब्राहम लिंकनवर इंग्रजीत जेवढे लिहिले गेले आहे तेवढे फार थोड्या माणसांवर लिहिले गेले असेल. १९६० साली तर त्याच्या आयुष्याचा तारीखवार हिशेब मांडणारा 'लिंकन डे बाय डे' हा तीन खंडांचा ग्रंथ निघाला. कोणत्या तारखेला तो कोणत्या कोर्टात उभा होता, कोणाला पत्र लिहिले, कोण भेटायला आले, याच्या त्यात नोंदी आहेत. थोर माणसाचे दैनंदिन जीवन हा विषय वरवर पाहता निरुपद्रवी वाटतो. तो काय खात असे, कसा झोपत असे, एवढेच तर सांगायचे असते. पण चरित्रवाङ्मयाची मूल्यदृष्टी सर्वांत उघडी पडते ती इथेच, असे माझे मत आहे. दिवस एकट्याचा नसतो. पहाटे चूल पेटवणारा, दाढी करणारा, कपडे शिवणारी आणि धुणारी ही सगळी माणसे त्या दिवसात असतात. चरित्रकार त्यांच्यापैकी कोणाला नाव देतो, हे पाहिले की चरित्रकाराची जात कळते.

आपल्याकडे लिंकन शाळेतच भेटतो. लाकडी ओंडक्यांची झोपडी, चुलीच्या उजेडात वाचन, मग वकिली, मग राष्ट्राध्यक्षपद. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. लोडशेडिंगच्या काळात आम्हा पोरांना हा दाखला किती वेळा ऐकवला गेला याची गणती नाही. लिंकन चुलीपुढे शिकला, तुमच्याकडे तर चिमणी आहे! त्याच शाळांच्या भिंतींवर लिंकनने मुलाच्या मुख्याध्यापकांना लिहिलेले म्हणून एक पत्र टांगलेले असते. वसंत बापटांनी ते सुंदर मराठीत आणले, यात शंका नाही. पण लिंकनच्या संकलित लेखनात असे पत्र नाही, आणि ते त्याचे आहे याला कसलाही पुरावा नाही. तरीही ते टांगलेलेच आहे, कारण प्रस्थापितांना जो लिंकन हवा तो त्यात मिळतो. तो गुलामीबद्दल काही बोलत नाही. चांगले वागा, एवढेच सांगतो.

चुलीच्या उजेडाचा दाखला खोटा नाही, अपुरा आहे. लिंकनचे दारिद्र्य खरे होते. १८०९ साली केंटकीत जन्मलेल्या या मुलाच्या वाट्याला शाळा सगळी मिळून जेमतेम वर्षभर आली. परंतु त्याला वर चढायला जी शिडी मिळाली ती कातडीचा रंग पाहून दिलेली होती. इलिनॉय हे राज्य गुलामीमुक्त म्हणवत असे. तेथे काळ्या माणसाला गोऱ्याविरुद्ध कोर्टात साक्ष देता येत नव्हती, आणि १८५३ च्या कायद्याने तर बाहेरच्या काळ्या माणसांना राज्यात वस्ती करण्यासच बंदी केली. लिंकन ज्या कोर्टात वकिली करून मोठा झाला त्या कोर्टाच्या पिंजऱ्यात उभे राहून गोऱ्याविरुद्ध तोंड उघडण्याची मुभा त्याच गावच्या काळ्या न्हाव्याला नव्हती. गरिबी आणि अस्पृश्यता यांतला फरक आपल्याला नव्याने शिकायला नको. गरीब माणूस पुस्तक उसने मागू शकतो. उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या माणसाला मागायलाही आत जाता येत नाही.

सरहद्दीवरच्या या वकिलाचा दिवस मोठा मजेचा आहे. तो हर्नडनने सांगितला म्हणून आपल्यापर्यंत आला. विल्यम हर्नडन हा त्याचा स्प्रिंगफिल्डमधला भागीदार. लिंकन १८६५ साली मारला गेल्यावर त्याने शेजारी, नातेवाईक, जुने सोबती यांना गाठून आठवणी गोळा केल्या आणि १८८९ मध्ये चरित्र काढले. अस्ताव्यस्त ऑफिस, कोचावर आडवे होऊन मोठ्याने वर्तमानपत्र वाचणे, उंच टोपीत खोचलेली कागदपत्रे. वर्षातून दोनदा घोड्यावरून किंवा बग्गीतून जिल्ह्याजिल्ह्यांच्या कोर्टांची फेरी, रात्री खाणावळीत दोघादोघांनी एका खाटेवर झोपणे आणि उशिरापर्यंत गोष्टी सांगणे. सुमारे चोवीस वर्षांत त्याने आणि त्याच्या भागीदारांनी पाच हजारांवर खटले चालवले. त्यांत कर्जवसुलीचे फार.

त्याच फेरीतला १८४७ चा एक खटला भाविक चरित्रकार घाईने ओलांडतात. केंटकीचा रॉबर्ट मॅटसन इलिनॉयमधल्या आपल्या शेतावर राबवायला गुलाम आणत असे. जेन ब्रायंट ही बाई मुलांना घेऊन पळाली आणि दोघा गुलामीविरोधकांनी तिला आसरा दिला. मॅटसनने तिच्यावर मालकी सांगितली. त्याचा वकील लिंकन. तो हरला, जेन सुटली. वकील फी देणाऱ्याचे काम घेतो, हे समर्थन मला मान्य आहे. पण मग हा दिवसही त्या खाटेवरच्या गोष्टींएवढ्याच चवीने सांगायला हवा.

राष्ट्राध्यक्ष झाल्यावरचा दिवस त्याच्या चिटणिसांनी सांगितला. पहाटे उठणे, नाश्त्याला अंडे आणि कॉफी, मग नोकऱ्या मागणाऱ्यांची रांग, फाशीच्या शिक्षांचे कागद, रात्री युद्धखात्याच्या तारऑफिसात जाऊन रणांगणावरच्या तारा वाचणे. या दिवसाची सुरुवात ज्याच्या वस्तऱ्याने होत असे तो विल्यम जॉन्सन, स्प्रिंगफिल्डहून लिंकनबरोबर आलेला काळा नोकर. व्हाइट हाउसमध्ये आधीपासून असलेले नोकरही काळेच, पण उजळ कातडीचे. त्यांना हा गडद काळा माणूस आपल्यात नको होता. मार्च १८६१ मध्ये लिंकनने नौदलमंत्री वेल्स यांना चिठ्ठी लिहून जॉन्सनसाठी दुसरे काम मागितले आणि कारण स्पष्ट दिले : रंगातला फरक. शेवटी कोषागार खात्यात जागा मिळाली. सकाळी राष्ट्राध्यक्षाची दाढी आणि मग खात्यातली चाकरी, असे त्याचे चालले.

बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता कशाला म्हटले ते ज्याने वाचले आहे त्याने या चिठ्ठीपाशी थांबावे. युद्ध ज्या प्रश्नावर पेटणार होते तो प्रश्न राष्ट्राध्यक्षाच्या मुदपाकखान्यात असा उतरंडीसारखा उभा होता. आणि राष्ट्राध्यक्षाने ती उतरंड हलवली नाही, एका माणसाची सोय लावली. १९ नोव्हेंबर १८६३ च्या गेटिसबर्ग भाषणाला जॉन्सन सोबत गेला. परतताना लिंकनला देवीच्या आजाराने गाठले. लिंकन वाचला. जॉन्सन जानेवारी १८६४ मध्ये देवीनेच मेला. तो इस्पितळात असताना त्याचा पगार लिंकनने स्वतः मोजून त्याच्यासाठी वेगळा काढला, ही आठवण चरित्रांत आवर्जून येते. लिंकनचा चांगुलपणा दाखवण्यासाठी येते. जॉन्सनला सहीही करवत नव्हती, हे त्याच आठवणीत एका वाक्यात उरकलेले असते.

या माणसांना नाव देण्याचे काम एका काळ्या शाळामास्तराने केले, याचा मला विशेष आनंद वाटतो. जॉन ई. वॉशिंग्टन हा राजधानीतल्या सरकारी शाळेत शिकवी, दंतवैद्यही होता. १९३५ साली एका पत्रकाराने जाहीर केले की एलिझाबेथ केकली नावाची बाई झालीच नाही, तिचे पुस्तक एका गोऱ्या लेखिकेचे आहे. केकली ही श्रीमती लिंकनची शिंपीण. गुलामीत जन्मलेली, १८५५ मध्ये बाराशे डॉलर भरून तिने स्वतःला आणि मुलाला सोडवले. १८६८ साली तिने 'बिहाइंड द सीन्स' हे आत्मकथन लिहिले तेव्हा सभ्य समाज तिच्यावर तुटून पडला. नोकराने घरातले बाहेर सांगायचे नसते! पुढे तिचे असणेच नाकारले गेले. ज्यांनी तिला पाहिले होते अशी म्हातारी माणसे वॉशिंग्टनच्या ओळखीची होती. त्याने घरोघर जाऊन आचारी, द्वारपाल, शिवणकाम करणाऱ्या बायका आणि त्यांची मुले यांच्या आठवणी उतरवून घेतल्या. १९४२ मध्ये 'दे न्यू लिंकन' निघाले. मग ते विस्मरणात गेले आणि केट मासर यांच्या प्रस्तावनेसह २०१८ मध्ये पुन्हा छापले गेले.

वाङ्मय म्हणून ते विस्कळीत आहे. त्यात भाबडेपणा आहे, लिंकनभक्तीही पुष्कळ आहे. दलित आत्मकथनांवर जे आक्षेप घेतले गेले तेच इथे घेता येतील. परंतु यातली माणसे दिवसाच्या आतून बोलतात, हे हर्नडनकडे नाही. २०१२ च्या स्पिलबर्गच्या चित्रपटात केकली आणि द्वारपाल विल्यम स्लेड दोघेही दिसतात. मासर यांचा त्यावरचा आक्षेप मला पूर्ण पटतो : ही माणसे पडद्यावर नुसती वाट पाहत उभी आहेत. प्रत्यक्षात स्लेड हा काळ्यांच्या नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेचा पुढारी होता आणि केकलीने १८६२ मध्ये गुलामीतून पळून आलेल्यांसाठी मदतसंस्था उभी केली होती. कोटाला बटण लावणारा हात संध्याकाळी वर्गणी गोळा करीत होता, हे पटकथेत बसले नाही.

यावरून लिंकन खोटा ठरतो असे मी म्हणत नाही. १४ ऑगस्ट १८६२ रोजी पाच काळ्या प्रतिनिधींना समोर बसवून त्याने देश सोडून मध्य अमेरिकेत जाण्याचा सल्ला दिला. ११ एप्रिल १८६५ च्या अखेरच्या भाषणात तोच माणूस काही काळ्यांना, शिकलेल्यांना आणि सैनिकांना, मताचा हक्क असावा असे उघड म्हणाला. हे अंतर मोठे आहे. ते त्याच्या कोमल अंतःकरणाने कापले, असे चरित्रे सांगतात. मी त्याचा दिवस पाहतो. उन्हाळ्यात तो सोल्जर्स होमच्या बंगल्यातून सुमारे तीन मैल घोड्यावरून कामाला येई आणि त्याच भागात पळून आलेल्या गुलामांच्या छावण्या वसल्या होत्या. ही माणसे १ जानेवारी १८६३ च्या जाहीरनाम्याची वाट पाहत थांबली नव्हती. मे १८६१ पासूनच ती फौजेच्या छावण्यांत शिरत होती. पुढे सुमारे एक लाख ऐंशी हजार काळे सैनिक उत्तरेच्या फौजेत आले. ऑगस्ट १८६३ मध्ये फ्रेडरिक डग्लस भेटायला आला तो आशीर्वाद मागायला नव्हे. गोऱ्या शिपायाला तेरा डॉलर आणि काळ्याला दहा, त्यातूनही कपड्यांचे तीन कापून, हे का, म्हणून विचारायला आला. समान पगाराचा कायदा जून १८६४ मध्ये झाला. न बोलावलेली माणसे त्याच्या दिवसात घुसत गेली आणि त्याला आपले मत पुन्हा पुन्हा तपासावे लागले.

जोतीराव फुल्यांनी हे दुरून ओळखले होते असे मला वाटते. १८७३ साली 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतील गुलामीच्या उच्छेदासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. लिंकनला जाऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती आणि त्याचे देवत्व जगभर पसरले होते. अर्पणपत्रिका एका माणसाच्या नावे करणे सोपे होते. जोतीरावांनी ती लोकांच्या नावे केली.