परकें ताट आणि घरची जाणकारी

नाटक पाहून आलेला मनुष्य त्यावर टीका करतो, पुस्तक वाचणारा त्याचें परीक्षण लिहितो. परंतु भोजनगृहांतून जेवून आलेला मनुष्य ‘छान होतें’ किंवा ‘महाग होतें’ यापलीकडे बहुधा जात नाहीं. पाककला ही खरोखर कला असेल, तर तिलाही टीकाकार हवा आणि टीकेला कसोटी हवी. मुंबईच्या जुहू उपनगरांतील एका इटालियन भोजनगृहांत केजच्या एका कुटुंबानें अलीकडेच भोजन केलें. प्रस्तुत लेखकही त्या पंक्तीस होता. त्या भोजनाचें परीक्षण करतांना, ही कसोटी नेमकी कोणाजवळ होती, हाच प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

आधीं गुणांचा उल्लेख करणें न्यायाचें होईल. आपल्याकडे चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, मध्यें भात, असें सारें जेवण एकाच पानांत दिसतें. इटालियन भोजन क्रमाक्रमानें पुढें सरकतें. प्रथम तोंडीं लावण्याचे जिन्नस, मग पास्ता किंवा भात, त्यानंतर मांस-मासळी आणि शेवटीं गोड. या क्रमामुळें दोन पदार्थांच्या मध्यें बोलण्यास अवकाश राहतो. एरवीं आपापल्या वेळीं जेवून उठणारीं मुलें त्या सायंकाळीं वडीलधाऱ्यांजवळ निवांत बसलीं होतीं, याचें श्रेय या पद्धतीस दिलेंच पाहिजे. मंद आंचेवर आटविलेला टोमॅटोचा रस आणि त्यांतील बेसिलच्या पानांचा सुगंध हींही निःसंशय उत्तम होतीं.

दोष आढळला तो पदार्थांच्या यादींत. नांवें इटालियन, वर्णन इंग्रजी. नांवावरून पदार्थ कळेना आणि वर्णनावरून चव कळेना. साहजिकच निवड कॉलेजांत शिकणाऱ्या नातवाकडे गेली, आणि जिनें साठ वर्षें घर जेवूं घातलें ती आजी त्या टेबलापाशीं केवळ पाहुणी उरली. पास्त्याचा पहिला घांस घेऊन ती म्हणाली, “शेवया कच्च्या राहिल्यात की रे.” मुलगा हळूच म्हणाला, “माय, इथं असं बोलत नसतात.” त्यानंतर ती जेवण संपेपर्यंत कांहीं बोलली नाहीं.

आतां या दोघांत जाणकार कोण? इटालियन रीतीप्रमाणें पास्ता दाताला किंचित् लागेल इतकाच शिजवितात. त्या दृष्टीनें आजीचा निर्णय चुकीचा होता. परंतु तो अज्ञानाचा नव्हता, तर दुसऱ्या एका परंपरेचा निर्णय होता. इटलीच्या 1967 च्या कायद्यानें तेथील सुका पास्ता ड्यूरम गव्हाच्या रव्याचाच असावा असें ठरविलें. आपला बन्सी गहू त्याच ड्यूरम जातीचा. दक्षिण इटलींतील बारी शहराच्या जुन्या वस्तींत स्त्रिया दारांत बसून पिठाचे लहान तुकडे सुरीनें व अंगठ्यानें दाबून ओरेक्येत्ते, म्हणजे इवलेसे कान, घडवितात. आमच्याकडे उन्हाळ्यांत त्याच तन्मयतेनें शेवया, गव्हले, मालत्या होतात, आणि नखानें दाबून नखुले होतात. रुखवतांत ते मांडले म्हणजे सारा गांव त्यांची पारख करतो. हीं दोन्हीं एकच, असें म्हणण्याचा भाबडेपणा मात्र नको. आपलें हें वळवट बहुधा दुधागुळाकडे गेलें, त्यांचें तेल, चीज आणि टोमॅटो यांकडे. तरीही वरणांत शिजणाऱ्या चकोल्या व तिखट रश्शांत उकळणारे शेंगोळे यांची ज्यांना संवय आहे, त्यांना पास्ता अगदींच परका वाटण्याचें कारण नाहीं.

इटालियन पाककलेची आजची प्रतिष्ठा कशी वाढली, हेंही पाहण्यासारखें आहे. पेल्लेग्रीनो आर्तूझी यांनी 1891 सालीं, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं, आपला पाकग्रंथ फ्लॉरेन्स येथें स्वखर्चानें छापला. पुढें ठिकठिकाणच्या गृहिणी पत्रांतून पाककृति कळवीत गेल्या, आणि पहिल्या आवृत्तींतील 475 कृतींच्या अखेर 790 झाल्या. म्हणजे स्वयंपाकघरांतील बोलणें ग्रंथांत आलें, म्हणूनच तें जगापुढें गेलें. आपल्याकडे लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र’ 1910 सालीं, व कमलाबाई ओगले यांचें ‘रुचिरा’ 1970 सालीं प्रसिद्ध झालें. परंतु मांजरेकांठच्या कोरडवाहू गांवांतील कितीतरी कृति अद्यापि म्हाताऱ्या हातांतच आहेत. त्या हातांना चारचौघांत गप्प बसविणें म्हणजे न लिहिलेला ग्रंथ मिटून ठेवणेंच होय.

म्हणून या भोजनाविषयीं आमचा अभिप्राय असा: रस उत्तम, क्रम अनुकरणीय, यादी सदोष. भोजनगृहानें यादींत मराठींत चार ओळी छापल्या, आणि पास्ता असा कां शिजवितात हें वाढणाऱ्यानें सांगितलें, तर त्याची प्रतिष्ठा घटणार नाहीं. पण मोठा दोष भटारखान्यांतला नव्हता, तो आमच्याच पंक्तींतला होता. परक्या अन्नाचा आदर करण्यासाठीं घरच्या जिभेला लाजण्याचें प्रयोजन नाहीं. “कच्च्या राहिल्यात” या शब्दांना “मग तूं किती शिजवतेस?” एवढाच प्रश्न पुरला असता, आणि तो विचारला गेला असता, तर त्या टेबलावर दोन पाकपरंपरांचा संवाद झाला असता. तसा संवाद जेथें होतो, तेथेंच बाहेरचें जेवण घरच्या माणसांना कांहीं देऊन जातें.