'सामना' दुसऱ्यांदा बघताना

मागच्या वेळी कादंबरीवर बोलणं झालं, आज सिनेमावर बोलायचं आहे. सिनेमाही जुना, कृष्णधवल: डॉ. जब्बार पटेलांचा 'सामना'. पटेलांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला चित्रपट. लेखन विजय तेंडुलकरांचं, निर्मिती रामदास फुटाण्यांची. 1975 मध्ये तो बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धा विभागात दाखवला गेला. ही माहिती तुम्हाला कुठंही मिळेल, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही.

आम्ही म्हणजे इथली पाटणची पाच-सहा मंडळी. महिन्यातून एकदा जमतो, भिंतीवर पिक्चर लावतो, मग भांडतो. 'सामना' आमच्यातल्या बहुतेकांनी कॉलेजात असताना बघितला होता आणि खरं सांगायचं तर तेव्हा तो संथ वाटला होता. राजकीय रहस्यपट म्हणून बसायचं आणि बघायचं काय, तर एक दारुडा माणूस गावात येतो, फिरतो, बोलतो, पुन्हा पितो. रहस्य तरी कुठलं? मारुती कांबळे नावाचा एक माणूस गावातून नाहीसा झालाय. त्याचं काय झालं असेल हे अर्ध्या पिक्चरच्या आतच कळतं. कुणी केलं तेही कळतं. मग उरलेला वेळ कशासाठी बसायचं, हा तेव्हाचा आमचा प्रश्न.

यंदा पुन्हा लावला तेव्हा लक्षात आलं की आम्ही चुकीच्या माणसांकडे बघत होतो.

पहिल्यांदा बघताना नजर दोघांवरच राहते. डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर आणि निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील. साहजिक आहे, अशी जुगलबंदी पुन्हा क्वचितच झाली. (लागूंचा जन्म आपल्या साताऱ्याचा, हे आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच पाहिजे.) शिवाय 'पिंजरा' डोक्यात असतोच. 1972 च्या त्या चित्रपटातही लागू मास्तर होते आणि समोर निळूभाऊच होते. तिथला मास्तर आदर्शाच्या उंचीवरून हळूहळू खाली येतो. 'सामना'मधला मास्तर आपल्याला भेटतो तोच खाली पडलेला. स्वातंत्र्याच्या चळवळीतून आलेला, आता अंगावर धड कपडे नाहीत. त्याच्याकडं गमावण्यासारखं काही उरलेलं नाही आणि सगळ्या पिक्चरचा खटका तिथं आहे. कारण गावात बाकी प्रत्येकाकडं गमावण्यासारखं काहीतरी आहे.

दुसऱ्यांदा बघताना आम्ही त्या बाकीच्यांकडे बघितलं. मास्तर विचारतो, मारुती कांबळेचं काय झालं? आणि समोरचा माणूस काय करतो ते बघा. कुणी विषय बदलतो, कुणी नजर चुकवतो, कुणाला अचानक काम आठवतं. पहिल्यांदा हे सगळं आम्हाला रेंगाळणं वाटलं होतं. खरं तर ताण त्या रेंगाळण्यातच आहे. नेहमीच्या रहस्यपटात उत्तर कुणालाच ठाऊक नसतं आणि सगळे विचारत असतात. इथं उलटं आहे. उत्तर सगळ्या गावाला ठाऊक आहे, विचारणारा एकच आहे आणि तोही बाहेरचा, तोंडाला दारूचा वास येणारा.

आता गाव गप्प का, हे पिक्चर फार समजावून सांगत नाही. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला ते कदाचित 'दहशत' या एका शब्दात कळत असेल. पण आपल्या भागात, कृष्णा-कोयनेच्या काठाला, तो गप्पपणा कसा तयार होतो हे आपल्याला जरा जास्त तपशिलात माहीत आहे. दहशतीला दर वेळी काठी लागत नाही. ऊस उभा आहे, तोड कधी मिळणार हे आपल्या हातात नाही. टोळी आधी कुणाच्या रानात उतरणार, चिटबॉय कुणाचं नाव पुढं घेणार? महिनाभर उशीर झाला की उसाला तुरा येतो, वजन घटतं. सोसायटीचं कर्ज उसाच्या बिलातून कापून जाणार, म्हणजे बिलच कमी आलं तर घरात काय येणार? थोरला पोरगा कारखान्यात हंगामी आहे, तो कायम व्हायचाय. कागदावर कारखाना सभासदांचा, सहकार तो. सर्वसाधारण सभेला हात वर करण्यापुरता सभासद मालक असतो.

कारखान्याचा चेअरमन वाईटच असतो असं आम्हाला म्हणायचं नाही. इथल्या माणसाला सहकारानं काय दिलं ते आम्ही बघितलंय. हिंदुराव हे कुणा एकाचं चित्र नाही, तसा शोध घेऊही नये. मुद्दा इतकाच, की 'सामना' संथ आहे कारण तो ज्या भीतीबद्दल बोलतो ती भीतीच संथ आहे. ती हंगामाच्या वेगानं चालते.

आमच्या खेळाला मागच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ होते. आयुष्यभर ऊसच केलेला माणूस. पडद्यावर मास्तरानं तो प्रश्न पुन्हा एकदा टाकला तसे ते मोठ्यानं म्हणाले, "समद्यांस्नी म्हाईत हाय की!" हॉलमध्ये हशा झाला. ते मात्र हसले नव्हते.

आता हिंदुरावाकडं येऊ. निळूभाऊंच्या आवाजाची नक्कल करणारे दर गॅदरिंगला दोन तरी असतात, त्यामुळे हिंदुराव आपल्याला पाठ आहे असं वाटतं. तो पाठ नाही. नकलेतला हिंदुराव नुसता गुरगुरतो. पिक्चरमधला हिंदुराव मास्तराला आसरा देतो, खाऊपिऊ घालतो, आपला पसारा फिरवून दाखवतो. का दाखवतो? पहिल्यांदा वाटलं, मिरवायचं म्हणून. दुसऱ्यांदा बघताना वाटलं की या माणसाला कितीतरी वर्षांत न घाबरता बोलणारं कुणी भेटलेलंच नाही. त्याला मास्तराची गरज आहे. ज्या माणसानं आपल्याला बुडवायचं त्याच्याच संगतीची त्याला ओढ लागते आणि हे दोघांनाही कळत जातं. निळूभाऊ यातलं काही बोलून दाखवत नाहीत. ते ऐकतात. त्यांचं ऐकणं बघण्यासाठी तरी हा चित्रपट दोनदा बघावा.

तक्रारीही आहेत. मास्तराच्या तोंडी काही ठिकाणी भाषण येतं, नाटकवाले तेंडुलकर तिथं पटकथेवर बसतात. आरती प्रभूंचं गाणं रवींद्र साठ्यांच्या आवाजात येतं तेव्हा ते जेवढं सांगून जातं, तेवढं त्या भाषणांना जमत नाही. भास्कर चंदावरकरांचं संगीत एकूणच कमी बोलतं, ते बरं.

मोठी तक्रार मात्र वेगळी आहे आणि तिच्यावर आमच्यात अजून एकमत नाही. मारुती कांबळे. मोहन आगाशे त्या भूमिकेत आहेत. सैन्यातून परत आलेला, गावात मान वर करून चालणारा माणूस. आडनाव काय आहे बघा. दलित पँथर 1972 ची, हा चित्रपट लगेच नंतरचा. तेंडुलकरांनी ते आडनाव सहज म्हणून घातलं असेल असं आम्हाला वाटत नाही. पण सगळा सामना होतो तो मास्तर आणि पाटलात. मारुती प्रश्नात राहतो, माणूस म्हणून थोडाच भेटतो. आमच्यातले एक जण म्हणाले, हीच तर कलाकृतीची शिस्त आहे, नाहीसा केलेला माणूस पडद्यावरही नाहीसाच राहिला पाहिजे. दुसऱ्यांचं म्हणणं, हे ऐकायला छान आहे, पण पुढं काय झालं ते बघा. त्या प्रश्नाची म्हण झाली. आज कुठल्याही पक्षाच्या सभेत कुठल्याही घोटाळ्यावर कुणीही तो फेकतो आणि टाळ्या घेतो. त्या टाळ्या वाजवताना मारुती कोण होता हे कितीजणांना आठवतं?

जब्बार पटेलांचाच 'सिंहासन' 1979 चा. त्यात माणसं जास्त, वेग जास्त, फोन, बैठका, फाटाफूट. तो पुन्हा बघताना कोण कुणाकडं गेलं याचा हिशोब लावायची गंमत असते आणि तो आजही ताजा वाटतो. पण 'सिंहासन' बघून आम्ही राजकारण्यांना हसतो. 'सामना' बघून हसायची पंचाईत होते, कारण त्यात आपली जागा राजकारण्यांत नाही, नजर चुकवणाऱ्यांत आहे. इथून वर कोयनानगरला जा. धरण होऊन साठ वर्षं उलटून गेली. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांच्यातल्या कित्येकांचं पुनर्वसन अजून पुरं झालेलं नाही आणि त्यासाठी ती माणसं अलीकडेही पुन्हा पुन्हा धरण्याला बसली आहेत. तोच प्रश्न, त्याच शब्दांत. आम्हीही कधीमधी म्हणून गेलोय, "हे लोक तेच तेच किती बोलतात!"

राहिला शेवट. हिंदुरावाला अखेर कायद्यापुढं जावं लागतं. पहिल्यांदा आम्हाला तो विजय वाटला होता. या वेळी आमच्यातल्या दोघांना तो पटलाच नाही. असा पाटील असा आत जाईल? गाव तर शेवटपर्यंत बोललंच नाही, मग हे झालं कुणाच्या जोरावर? बाकीच्यांचं म्हणणं, हिंदुराव कायद्याला हरत नाही, मास्तराला हरतो, म्हणून ते खरं वाटतं. रात्री साडेबारापर्यंत वाद चालला आणि वॉचमननं दिवे घालवले. तुम्ही बघितला असेल तर तुमचं काय मत आहे ते आता सांगा. माइक तिकडं मागं जाऊ द्या.