मोशेचे अश्रू : 'द प्रिन्स ऑफ इजिप्त'विषयी

डिसेंबर १९९८ मध्ये, नाताळच्या तोंडावर, 'द प्रिन्स ऑफ इजिप्त' हा ॲनिमेशनपट अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि त्याच्याविषयी दोन परस्परविरोधी तक्रारी ऐकू येऊ लागल्या. काही समीक्षकांना तो मुलांच्या चित्रपटाला न मानवेल इतका गंभीर वाटला. काही श्रद्धावंतांचा आक्षेप नेमका उलट होता : निर्गमाच्या ग्रंथात नाही ते यात आहे, आणि आहे ते गाळले आहे. मालदीवने प्रेषितांचे चित्रण इस्लामला मान्य नाही, या कारणास्तव चित्रपटावर बंदी घातली. मलेशियातही तो दाखवू दिला गेला नाही. रॉजर ईबर्ट या नामवंत अमेरिकन समीक्षकाने मात्र त्याला चारपैकी साडेतीन तारे बहाल केले.

पहिल्या तक्रारीत आम्हांला फारसे तथ्य दिसत नाही. त्या काळी ॲनिमेशनपट म्हटला की एखादा बडबड्या प्राणी हवाच, असा जणू नियम होता. येथील उंट बोलत नाहीत, हे आम्ही उपकारच समजतो! फारोच्या दरबारातील दोन जादूगारांचे चाळे हसविण्यासाठी आहेत, आणि नेमका तोच भाग आज सर्वांत शिळा वाटतो.

दुसरी तक्रार अधिक विचार करण्याजोगी आहे. ग्रंथात बाळ मोशेला फारोची कन्या नदीतून उचलते, चित्रपटात फारोची राणी. हा बदल चालून जाईल. त्यामुळेच मोशे आणि रामसेस भाऊ म्हणून वाढू शकतात. परंतु निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायातील मोशे इकडेतिकडे पाहून, कोणी नाही अशी खात्री करून, मिसरी माणसाला ठार मारतो आणि वाळूत पुरतो. चित्रपटातला मोशे रागाच्या भरात मुकादमाला ढकलतो आणि तो उंचावरून पडून मरतो. म्हणजे हत्येचा अपघात झाला! देवाने एका खुन्याला बोलावले, ही ग्रंथातली अवघड गोष्ट येथे सौम्य झाली आहे. अहरोनावरही अन्याय झाला आहे. ग्रंथात तो त्र्याऐंशी वर्षांचा, मोशेचे तोंड होऊन फारोपुढे उभा राहणारा ज्येष्ठ बंधू. चित्रपटात मात्र बराच काळ भित्रा संशयखोर.

फारोच्या कठीण झालेल्या हृदयाचे काय? धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले हमखास विचारतात, की देवानेच त्याचे हृदय कठीण केले, तर त्याचा दोष कोणता? ग्रंथात दोन्ही विधाने आहेत. फारो आपले हृदय स्वतः कठीण करतो आणि देवही ते करतो. चित्रपटाने यांतली मानवी बाजू उचलली. राजवंशाच्या साखळीतला कमकुवत दुवा तू ठरू नकोस, हा पित्याचा धाक रामसेसच्या मनात लहानपणापासून बसला आहे, आणि त्या धाकापायी तो सारे राज्य उजाड होऊ देतो. सर्व उत्तर यात नाही, तरीही वर्गातल्या प्रश्नाला हात घालण्यासाठी याहून चांगले दृश्य साधन आमच्या पाहण्यात नाही.

चित्रपटाचे खरे मोल आम्हांला दहाव्या पीडेच्या प्रसंगात जाणवले. संगीत थांबते. आकाशातून एक फिकट प्रकाश उतरतो आणि घराघरांतून फिरतो. एक मुलगा पाण्याचे भांडे घेऊन दारातून आत जातो. भांडे फुटल्याचा आवाज येतो आणि उंबऱ्यावर एक निश्चल हात दिसतो. मग रामसेस आपल्या मृत मुलावर वस्त्र पांघरतो, इस्राएलींना जाण्याची परवानगी देतो, आणि सुटकेचा आनंद व्हायचा त्या क्षणी मोशे बाहेर येऊन भिंतीपाशी कोसळतो व रडतो.

हे अश्रू ग्रंथात नाहीत, असे आक्षेपक म्हणतील, आणि ते खरेच आहे. परंतु ते परंपरेबाहेरचे नाहीत. वल्हांडणाच्या भोजनात यहुदी कुटुंबे एकेका पीडेचे नाव घेत प्याल्यातून द्राक्षारसाचा एकेक थेंब बाहेर काढतात. शत्रूच्या दुःखामुळे आपला प्याला तेवढा उणा व्हावा, असा त्याचा एक अर्थ सांगितला जातो. मिसरी बुडत असताना गाऊ पाहणाऱ्या देवदूतांना देवाने अडविले, अशी कथा तालमुदात आहे. आपल्याकडे पुनरुत्थानाच्या जागरणविधीत निर्गमाचा चौदावा अध्याय कधीही वगळला जात नाही, आणि त्यापाठोपाठ विजयाचे स्तोत्र आपण मोठ्याने गातो. पाण्याखाली गेलेल्यांचा विचार तेव्हा आमच्या मनात कितीदा आला, हे प्रामाणिकपणे सांगणे अवघड आहे.

मुलांना हा चित्रपट दाखवावा काय? अगदी लहानांना नको. तो प्रकाश त्यांना रात्री झोपू देणार नाही. आठ-नऊ वर्षांपुढच्यांना जरूर दाखवावा, पण आईवडिलांपैकी कोणीतरी शेजारी बसावे आणि निर्गमाचा ग्रंथ हाताशी ठेवावा. पहिला प्रश्न बहुधा समुद्र दुभंगण्याविषयी येणार नाही. भांडे घेऊन आत गेलेल्या त्या मुलाने काय केले होते, असेच मुले विचारतील.