खाणीच्या तळाशी न सापडणारे : ईयोबाचा २८ वा अध्याय

निर्दोष माणसाच्या वाट्याला दुःख का येते, आणि देव न्यायी असेल तर ते त्याला कसे चालते? बायबलच्या जुन्या करारातला ‘ईयोब’ हा ग्रंथ ४२ अध्याय हाच प्रश्न धरून बसतो. मुलेबाळे, गुरेढोरे, आरोग्य, सारे गमावून ईयोब राखेत बसला आहे. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसतात. तोवर ते खरे मित्र असतात. तोंड उघडल्यावर मात्र त्यांचा एकच हेका : दुःख आले, म्हणजे पाप घडलेच असणार.

हा वाद थकत आला की २८ वा अध्याय येतो, आणि तो चक्क खाणीचे काव्य आहे. बालाघाटच्या वाचकाला ते परके वाटू नये. भरवेलीची खाण आशियातल्या सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाणींत गणली जाते. मलाजखंडला तांबे निघते. वर धानाच्या बांध्या, खाली धातू. कवीनेही नेमके हेच पाहिले आहे : जिच्यावर अन्न पिकते, त्याच भुईचे पोट खाली आगीने उलथावे तसे उलथते. माणूस अंधाराला मागे रेटतो, वस्तीपासून दूर लोंबकळत खोल उतरतो, डोंगर मुळापासून हलवतो, झिरपणारे पाणी अडवतो. ससाण्याच्या नजरेलाही न दिसलेली वाट तो काढतो.

या वर्णनात कुठेही तुच्छता नाही. कवीला या धाडसाचे मनापासून कौतुक आहे, आणि पुढच्या प्रश्नाला वजन येते ते त्यामुळेच. एवढे खोदणाऱ्याला शहाणपण कुठल्या थरात सापडेल? समुद्राकडे ते नाही, मृत्यूला त्याची नुसती कुणकुण आहे, ओफीरच्या नामांकित सोन्यानेही ते विकत मिळत नाही. त्याचा ठाव एका देवाला.

माणसाच्या वाट्याला उरते ते एवढेच : देवाचे भय धरणे आणि वाइटापासून दूर राहणे. इथे पहिला अध्याय आठवावा. ईयोबाची ओळख करून देताना हे दोन्ही गुण सांगितलेले आहेत. म्हणजे जे शहाणपण माणसाला मिळू शकते, ते त्याच्यापाशी आधीपासून होते, आणि तरीही दुःख आले. मित्रांचा सारा हिशेब इथे कोसळतो. शेवटी वादळातून बोलणारा देवही कारण सांगत नाही. पण तक्रार करणाऱ्या ईयोबाचे बोलणे यथार्थ ठरवतो आणि देवाची वकिली करणाऱ्या मित्रांवर रागावतो. दुःखिताला दोषी ठरवून आपला न्याय राखावा, हे त्या देवालाच मान्य नाही.

हे शहाणपण आचरणात कसे दिसते? पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले. पुढे भाऊ आणि पतीही गेले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या (बालाघाट तेव्हा याच प्रांतात होते) आणि शेकडो निराधार मुलींना त्यांनी आसरा दिला. पुढे मूळ हिब्रू-ग्रीकवरून सबंध बायबल त्यांनी मराठीत आणले. त्यात ईयोबही आला. उपाशी मुलीला पापाचा हिशेब विचारणे हा अलीफजचा मार्ग. तिला पानावर बसवणे हा २८ व्या अध्यायाचा. दुःखाचा उलगडा देवाकडे राहू द्यावा. दुःखिताची जबाबदारी आपली.